जोड न मिळालेला मल्ल

मी लहान असताना आमच्या गावच्या जत्रेत एक न झालेली कुस्ती पाहिली. पंचांनी एका पैलवानाचा हात धरून त्याला मैदानभर दोनदा फिरवले, जोड मागितली. पण कोणीच पुढे येईना. अखेर नारळ आणि फेटा देऊन त्याची बोळवण झाली. मला वाटले, चला, न लढताच मान मिळाला! घरी परतताना वडील म्हणाले, "अरे, मान कसला? त्याचं तर नुकसान झालं." तेव्हा ते मला उमगले नाही. पुढे मुष्टियुद्धाच्या इतिहासाचा नाद लागला आणि सॅम लँगफर्डची हकीकत वाचण्यात आली, तेव्हा वडिलांच्या बोलण्याचा अर्थ कळला.

वाचकांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकले नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्या काळच्या जगज्जेत्यांच्या यादीत ते नाहीच. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात वेमथ फॉल्स नावाची काळ्या लोकांची एक लहानशी वस्ती आहे. तेथे १८८३ च्या सुमारास सॅमचा जन्म झाला. बापाच्या माराला कंटाळून पोरवयातच त्याने घर सोडले आणि मिळेल ते काम करीत तो अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी पोहोचला. तेथे औषधांचे दुकान चालविणारा जो वुडमन हा गृहस्थ मुष्टियुद्धाच्या लढतीही भरवीत असे. त्याने या पोराला झाडलोटीच्या कामावर ठेवून घेतले. झाडू धरणारा हात लवकरच ठोसे मारू लागला आणि वुडमन त्याचा व्यवस्थापक झाला.

सॅमची उंची साडेपाच फुटांहून थोडीशीच अधिक. पण छाती रुंद आणि हात लांब. डिसेंबर १९०३ मध्ये त्याने हलक्या वजनगटाचा जगज्जेता जो गॅन्स याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरविले. पण ती लढत जेतेपदासाठी नव्हती. पुढच्या वर्षी वेल्टर गटाचा जगज्जेता जो वॉलकॉट याच्याशी झालेली लढत बरोबरीत सुटली; जेतेपद वॉलकॉटपाशीच राहिले. एप्रिल १९०६ मध्ये त्याची गाठ जॅक जॉन्सनशी पडली. जॉन्सन उंचीने थोराड आणि वजनाने सुमारे तीस पौंड अधिक. सॅम हरला, पण पंधराच्या पंधरा फेऱ्या टिकला.

हा जॉन्सनही काळाच. त्या काळी अवजड गटाचे गोरे जगज्जेते काळ्या आव्हानवीराशी जेतेपदासाठी लढतच नसत. १८९२ मध्ये जॉन सलिव्हनने तसे उघडच जाहीर केले होते. जॉन्सनने जगज्जेत्या टॉमी बर्न्सचा पाठलाग करीत ऑस्ट्रेलिया गाठली आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे त्याला लोळवून ते दार फोडले. आता सॅमची पाळी येणार, असे कोणालाही वाटावे. पण जॉन्सनने त्याला पुन्हा जोड दिलीच नाही. दोन काळ्यांची झुंज पाहायला कोण पैसे मोजणार, असे त्याचे म्हणणे. जगज्जेता असताना तो एकाच काळ्या प्रतिस्पर्ध्याशी जेतेपदासाठी लढला. तो म्हणजे बॅटलिंग जिम जॉन्सन, पॅरिसमध्ये, १९१३ च्या डिसेंबरात.

जॉन्सनला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण बाजार त्याने मांडला नव्हता. तो मांडला होता तिकिटे विकणाऱ्यांनी आणि ती घेणाऱ्यांनी. १९१५ मध्ये हवाना येथे जॉन्सन हरला आणि फोडलेले दार पुन्हा बंद झाले. ते उघडायला १९३७ साल आणि जो लुई यावा लागला. जॅक डेम्प्सीसारख्या पुढच्या जगज्जेत्याने आत्मचरित्रात कबुली दिली आहे की आपण एकाच माणसाला भ्यालो होतो, तो म्हणजे लँगफर्ड.

मग सॅमने काय केले? वर्तमानपत्रे त्याला 'बॉस्टनचे डांबरी पोर' म्हणून हिणवीत. तो हसून लढत राहिला. लंडन, पॅरिस, ऑस्ट्रेलिया असा फिरला. जोड मिळत नाही म्हणून आपल्यासारख्याच वंचितांशी पुनःपुन्हा झुंजला. हॅरी विल्स, सॅम मॅक्व्हे, जो जेनेट यांपैकी प्रत्येकाशी दहाहून अधिक वेळा! ज्यांनी एकमेकांचे मित्र व्हायचे, त्यांनी पोटासाठी एकमेकांची हाडे खिळखिळी केली. त्याच्या नोंद झालेल्या लढतीच अडीचशेच्या वर भरतात. त्याची एक गोष्ट सांगतात. एका फेरीच्या आरंभी तो प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवू लागला. ही काही शेवटची फेरी नव्हे, असे समोरचा म्हणाला, तेव्हा सॅम उत्तरला की तुझ्यासाठी ती शेवटचीच आहे!

१९१७ मध्ये फ्रेड फुल्टनशी झालेल्या लढतीत त्याचा एक डोळा गेला. दुसराही अधू होत गेला. तरी तो थांबला नाही, कारण थांबून खायचे काय? १९२२ मध्ये जवळजवळ दिसत नसताना त्याने टायगर फ्लॉवर्सला गारद केले. हाच फ्लॉवर्स १९२६ मध्ये मध्यम गटाचा पहिला काळा जगज्जेता झाला. १९२३ मध्ये मेक्सिकोचे अवजड गटाचे अजिंक्यपदही सॅमने अशाच अंधारात जिंकले. समोरच्याच्या श्वासावर आणि स्पर्शावर ठोसा टाकायचा, एवढीच विद्या उरली होती.

पुढे जग त्याला विसरले. १९४४ मध्ये अल लेनी नावाचा पत्रकार न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्याचा शोध करीत हिंडला, तेव्हा अनेकांनी सांगितले की तो केव्हाच मेला. अखेर एका अंधाऱ्या खोलीत सॅम सापडला. आंधळा, खिशात वीस सेंट. पण तक्रार नाही, हसतमुख. लेनीचा लेख वाचून लोकांनी दहा हजार डॉलरांहून अधिक निधी जमविला. त्यावर त्याचे उरलेले दिवस निभावले. १२ जानेवारी १९५६ रोजी तो गेला.

जॉन्सनला १९१३ मध्ये वर्णद्वेषातून दिलेल्या शिक्षेबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१८ मध्ये मरणोत्तर माफी दिली. तो निकाल लिहिलेला होता, म्हणून तो पुसता आला. सॅमविरुद्ध कोणी खटला भरला नव्हता, कोणी निकाल दिला नव्हता. फक्त जोड मागितली तेव्हा कोणी पुढे आले नाही. अशा अन्यायाखाली कोणाचीच सही नसते. मग तो मागे घ्यायचा कोणी?

माझ्या गावच्या त्या पैलवानाचे नावही मला ठाऊक नाही. परंतु नारळ हाती घेऊन मान खाली घालून जाणारी त्याची पाठ मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.