काळ्या जमिनीवरचा पावसाळी भाजीपाला : प्रस्तावना

वर्‍हाडची ओळख सांगताना कापूस येतो, तूर येते, वरुड-मोर्शीचा संत्रा येतो. भाजीपाला सहसा येत नाही. श्रावणात अमरावती-अकोल्याच्या बाजारांत दोडकी, कारली, ढेमसे, बरबटी आणि अंबाडीच्या जुड्या यांचे ढीग लागतात. ते कोणत्या हिकमतीने पिकवलेले असतात, हे गिऱ्हाइकाला क्वचितच ठाऊक असते. ती हिकमत समजून घ्यावी, आणि जमल्यास तुम्हीही थोडी जागा तिच्यासाठी राखावी, एवढ्यासाठी हे लेखन.

प्रथम हवामान. मे महिन्यात अकोल्याचा पारा वरचेवर ४५ अंशांपर्यंत जातो आणि रात्रीही तो २५च्या खाली उतरायला तयार नसतो. अशा रात्रींत टोमॅटोला फूल येते, पण फळ धरत नाही; माळ्याचा त्यात दोष नसतो. पुढे मृग लागतो, आणि महिनाभरातच तहानेने कोमेजणाऱ्या रोपाला पाण्यात उभे राहायची पाळी येते. वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हे ऐकून कोकणातल्या वाचकाला हसू येईल. पण तो बहुतेक चार महिन्यांत पडतो आणि अनेकदा दोन-तीन दिवसांत महिन्याचा हिशेब चुकता करतो.

खरी गोष्ट मात्र पावसाची नसून जमिनीची आहे. आपली काळी, भारी माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून भराभर खाली जातो. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतरचे पाणी वरच साचते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. दोन दिवस पाणी तुंबले की मिरचीची पाने पिवळी पडतात, आणि पाने पिवळी दिसली म्हणून अनेकजण वर खत टाकतात, तेही वाया जाते. म्हणून जाणता शेतकरी उन्हाळी वांगे सरीच्या पोटाशी लावतो आणि पावसाळी वांगे वरंब्याच्या माथ्यावर. पीक तेच, जमीन तीच. फरक वीतभर उंचीचा. वाचकांनी या पुस्तकातून एकच गोष्ट घ्यायची ठरवली, तर ती ही घ्यावी. रोपवाटिकेचा गादीवाफा, वेलांचा मांडव, उताराच्या बेताने काढलेल्या सऱ्या, हे सगळे त्याच विचाराचे विस्तार आहेत. दोडका-कारली मांडवावर चढवली की फळ ओल्या मातीला टेकत नाही, सडत नाही आणि सरळ वाढते. फळमाशीचा बंदोबस्त मात्र मांडवाने होत नाही. किडकी फळे वेचून खोल पुरावी लागतात आणि सापळे टांगावे लागतात.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या वाचकांशी थोडे वेगळे बोलायला हवे. दर्यापूर, भातकुली, अकोट, बाळापूर या तालुक्यांचे मोठे भाग खारपाणपट्ट्यात येतात. तिथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारे. हे पाणी सतत दिल्यास त्यातल्या सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, जमीन घट्ट बसते आणि निचरा आणखी मंदावतो. इतर ठिकाणी माळव्याचा हंगाम म्हटला की हिवाळा आठवतो. या पट्ट्यात आकाशातून पडते तेच गोडे पाणी, म्हणून पावसाळा हाच भाजीचा खरा हंगाम. पाऊस वरच्या थरातले क्षार काही प्रमाणात खाली धुऊन नेतो, त्या अवधीत रोपे मूळ धरतात. शेततळ्यात साठवलेले पाणी पुढे महिना-दीड महिना तोडे चालू ठेवू शकते. ज्यांना वाटते की आपल्या गावात भाजी होतच नाही, त्यांनी जिप्सम, शेततळे आणि वरंबा यांवरची प्रकरणे अवश्य पाहावीत.

हे ज्ञान नवे नाही. कपाशीच्या वावरात बाया मधले दोन-चार तास अंबाडी, बरबटी, वाळूक यांसाठी राखायच्या. घरची भाजी तिथूनच निघायची. सोयाबीन पसरले, तणनाशके आली आणि हे तास आटत गेले. माझ्या मते वर्‍हाडी शेतीचे हे मोठे नुकसान आहे, जरी ते कोणत्याच ताळेबंदात दिसत नसले. अंजनगाव सुर्जीकडच्या पानमळ्यांत शेवरी, पांगरा, हादगा यांच्या सावलीत नाजूक पानवेल कडक उन्हाळा काढते. भरउन्हात भाजी लावणाऱ्याला सावली आणि वाराआड यांचा याहून चांगला धडा कुठे मिळेल?

शास्त्रीय बाजूसाठीही दूर जावे लागत नाही. अकोल्याला कृषी विद्यापीठ व्हावे म्हणून १९६७ साली विदर्भात आंदोलन पेटले होते. २० ऑक्टोबर १९६९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला ज्यांचे नाव दिले ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. वाणांची निवड करताना विद्यापीठाच्या शिफारशी आधी पाहाव्यात. भेंडीबाबत तर हे फारच महत्त्वाचे, कारण पावसाच्या उघाडीत पांढरी माशी वाढते, तिच्यामार्फत केवडा रोग पसरतो, आणि एकदा झाड पिवळे पडले की औषध नाही. तिथे रोगाला दाद न देणारा वाणच कामाला येतो.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. मे महिन्यात ते तुमच्या हाती आले असेल, तर रोपवाटिकेचे प्रकरण आधी घ्या. जुलैत आले असेल, तर निचऱ्याचे. शहरात गच्चीवर कुंड्या असतील, तर जमिनीवरचा भाग सोडून सावलीचा वाचला तरी चालेल, फक्त कुंडीत निव्वळ काळी माती भरू नका. आणि ऑगस्ट उजाडला म्हणून पुस्तक मिटून ठेवू नका. उघाड मिळताच मुळा आणि बरबटी पेरता येते, वांग्याची रोपे वरंब्यावर लावायलाही तेव्हा उशीर झालेला नसतो.