विदिनचा बंडखोर आणि त्याचं ग्रंथालय

बल्गेरियाच्या वायव्य कोपऱ्यात, डॅन्यूब नदीच्या काठावर विदिन हे शहर आहे. तिथल्या किल्ल्याचं नाव ‘बाबा विदा’. ते ऐकून आपल्याला एखादा दर्गा आठवेल, पण बल्गेरियन भाषेत बाबा म्हणजे आजी! १३९६ मध्ये हे शहर उस्मानी सत्तेखाली आलं.

मला कुतूहल आहे ते इथल्या उस्मान पाझवंतोग्लूचं. त्याच्या वडिलांना सरकारने ठार मारलं होतं. पुढे मुलाने विदिनच ताब्यात घेतलं. सुलतान तिसऱ्या सलीमच्या लष्करी सुधारणांवर चिडलेले जॅनिसरी सैनिक त्याच्याभोवती जमले. १७९८ साली सुलतानाच्या प्रचंड फौजेने वेढा घातला, तरी शहर पडलं नाही. अखेर सुलतानानेच त्याला पाशा केलं. त्याने पोसलेल्या लुटारूंनी कितीतरी गावं उजाड केली. त्यामुळे त्याला नायक म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पण याच माणसाने मशीद बांधली आणि शेजारी ग्रंथालयही. मशिदीच्या मिनारावर चंद्रकोर नाही, भाल्याच्या पात्यासारखं टोक आहे. सुलतानाला डिवचायला त्याने चंद्रकोर टाळली, असं सांगतात. कोणाला त्यात उलटं हृदय दिसतं. लोक या टोकाबद्दलच बोलतात. मला ग्रंथालय जास्त महत्त्वाचं वाटतं. सुधारणांविरुद्ध बंड करणाऱ्यांच्या म्होरक्याला किताबांची गरज का वाटली असेल?

ग्रंथालयाची इमारत विदिनमध्ये अजून उभी आहे. त्यातले काही ग्रंथ आता सोफियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.