मुरक्का: ठिगळांचा आणि तसबिरींचा

मागच्या रविवारी गच्चीवर दोरी बांधली आणि नानीच्या गोधडीचं वरचं कापड तिच्यावर टाकलं. अस्तर नाही, आत भर नाही, नुसते एकमेकांना जोडलेले तुकडे. चारपैकी तीन भाग नानीने शिवले होते. चौथा भाग तिच्या पेटीत तुकड्यांच्या पुरचुंडीसकट राहून गेला होता. तो या हिवाळ्यात मी पूर्ण केला. आता भर घालून टाके मारायच्या आधी त्याचा नीट फोटो घ्यायचा होता, कारण टाके पडले की मागची बाजू कायमची झाकली जाणार.

नानी स्वतःचा फोटो काढू द्यायची नाही. मतदार ओळखपत्रावरची एक धुरकट छबी सोडली तर तिची तसबीर आमच्याकडे नाही. तसबिरीबद्दल तिची मतं पक्की होती आणि त्यावर वाद घालायची आमची टाप नव्हती. अम्मी म्हणाली, "तिचा नाही, निदान तिच्या हाताचा तरी घे."

आपल्याकडे गोधडी सहसा अशी होत नाही. जुनी लुगडी, चादरी जमिनीवर अंथरायच्या, वर ठिगळं मांडायची आणि कडेपासून धावदोरा घालत सगळे थर एकदमच शिवायचे. आधी वरचं कापड वेगळं जोडायचं आणि मग भर, अस्तर लावायचं, ही पद्धत शिवणयंत्राच्या घरात सोयीची. नानीकडे यंत्र होतं, म्हणून तिने हा मार्ग धरला असावा.

फोटोच्या निमित्ताने मला एक शब्द आठवला: मुरक्का. अरबीत 'रुक्आ' म्हणजे ठिगळ आणि 'मुरक्का' म्हणजे ठिगळांनी जोडलेलं. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्याला हेच नाव होतं. अकराव्या शतकात लाहोरात राहिलेल्या अली हुजवेरी यांनी आपल्या 'कश्फुल महजूब' या फारसी ग्रंथात या झग्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. त्यात टाक्यांचाही वाद नोंदवला आहे. काही जण म्हणत, सुई जिथे निघेल तिथून दोरा ओढावा, नीटनेटकेपणाच्या मागे लागू नये. दुसरे म्हणत, टाके सरळ आणि सारखेच हवेत. लोकांना दाखवण्यासाठी ठिगळं मिरवणाऱ्यांनाही हुजवेरींनी सोडलेलं नाही. त्याच्याही आधीची आठवण हजरत उमर यांची. एवढ्या मोठ्या राज्याचा खलिफा, पण अंगरख्याला ठिगळं, असं परंपरा सांगते.

पुढे इराणात आणि मुघलांच्या काळात हाच शब्द चित्रांच्या संग्रहाला मिळाला. वेगवेगळ्या हातांची चित्रं, सुलेखनाचे कागद, युरोपातून आलेले छाप, हे सगळं कापून, चिकटवून, भोवती हाशिया रंगवून पुस्तक बांधायचं, तो मुरक्का. जहांगीरचा 'मुरक्का-ए-गुलशन' आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. फकिराचा झगा आणि बादशाहाचा अल्बम यांना एकच नाव, कारण दोन्हींत तुकडे जोडण्याचंच काम आहे.

पण झगा फकिराचा आणि अल्बम बादशाहाचा. बायकांनी शिवलेल्या मुरक्क्याचं काय?

रायगडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला 'सिद्दी' म्हटलं की जंजिरा आठवतो. मुरुडचा तो पाण्यातला किल्ला, 1680 मध्ये सिद्दी कासमने तटबंदी घातलेलं उंदेरी, 1948 पर्यंत टिकलेलं संस्थान. शाळेच्या पुस्तकात, सहलीच्या फोटोत सिद्दी म्हणजे तट आणि तोफा. मात्र दुसरे सिद्दी इथून दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलात राहतात. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड हे त्यांचे तालुके. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आफ्रिकन. ते पळून सह्याद्रीत शिरले. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांची घरची बोली कोकणी-मराठीच्या जवळची. 2003 मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

या बायका 'कवंदी' शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेने फेरी घेत आत, शेवट मध्यभागी. मुसलमान घरांतल्या कवंदीवर कधी चंद्रकोर दिसते, ख्रिस्ती घरांतल्यांवर क्रूस. पण सगळ्यांच्या कवंदीला कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लागतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी, असं त्या मानतात. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कामाचा अभ्यास केला आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग सेंटरमध्ये या कवंदींचं प्रदर्शन झालं. अमेरिकेतल्या अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या काळ्या बायकांच्या गोधड्यांचंही असंच झालं. 2002 मध्ये त्या संग्रहालयाच्या भिंतीवर गेल्या आणि 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. वर्षानुवर्षं अंगावर घेतलेली वस्तू भिंतीवर गेली तेव्हा लोकांना ती दिसली.

माझ्या गच्चीवरून बंदराच्या क्रेन दिसतात. जवाहरलाल नेहरू बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झालं. त्याला अजून सगळे न्हावा शेवाच म्हणतात. ही दोन गावांची नावं आता जगभरच्या मालाच्या कागदांवर छापलेली असतात. पण त्याआधी इथे भातशेती होती, मिठागरं होती, खाडीची मासेमारी होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी उठले आणि 16 व 17 जानेवारी 1984 च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पुढे आलं.

नानीच्या कापडात या सगळ्याचा एकही लेख नाही, पण तुकडे आहेत. हिरव्या लुगड्याचा काठ शेजारच्या आगरी आजींचा. त्यांची शेती गेली तेव्हा पेटी आवरताना त्यांनी तो नानीला दिला होता. चौकड्यांची लुंगी नानांची, ते मिठागरावर हिशेब ठेवायचे. पांढऱ्यावर निळे ठिपके असलेला तुकडा अम्मीच्या शाळेच्या झग्याचा. हे अम्मीने मला सांगितलं. अम्मीनंतर सांगणारं कोणी नाही.

म्हणून फोटो तीन प्रकारे काढले. पहिला समोरून, ढगाळ उजेडात, कॅमेरा कापडाच्या मध्याच्या उंचीवर धरून, म्हणजे चौकट वाकडी दिसत नाही. दुसरा मागून: दुमडलेल्या कडा, सुटलेले दोरे, एका ठिकाणी नानीने उसवून पुन्हा घातलेली शिवण. तिसरा उन्हाकडे धरून. प्रकाश आरपार गेला की प्रत्येक जोड काळ्या रेघेसारखा उमटतो आणि तिची बाजू कुठे संपते, माझी कुठे सुरू होते, ते लगेच कळतं. तिचे टाके सरळ आणि सारखे. माझे सुई निघेल तिथून.

संध्याकाळी अम्मीला शेजारी बसवून प्रत्येक तुकड्याला आकडा दिला आणि वहीत लिहून घेतलं: कोणाचं कापड, कोणत्या घरातलं, कधीचं. एकूण 84 तुकडे. 19 जणांची नावं आठवली, काही तुकड्यांपुढे जागा कोरी राहिली. कोपऱ्यांवर मी चार फुलं लावायची ठरवली आहेत. नानीच्या हातात ती कधी नव्हती, पण ती हरकत घेणार नाही असं अम्मी म्हणते.