घोयरा सरडा : पिंजऱ्याची मांडणी व सजावट

घोयरा सरडा अथवा शॅमेलिऑन हा सरीसृप वर्गाच्या कॅमेलिओनिडी कुलातील वृक्षवासी प्राणी होय. या कुलात दोनशेहून अधिक जाती असून त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आढळतात; भारतात मात्र कॅमेलिओ झेलॅनिकस ही एकच जाती वास करते, आणि तिचे हे शास्त्रीय नामकरण लॉरेंटी याने १७६८ साली केले. प्रस्तुत नोंदीत पाळीव शॅमेलिऑनच्या निवासाची सजावट, तिचा प्राण्याच्या स्वास्थ्याशी असलेला संबंध आणि आदिलाबाद जिल्ह्यापुरती तिची नैसर्गिक व कायदेशीर मर्यादा यांचा विचार केला आहे.

प्रदेश व अधिवास : आदिलाबाद हा निजामी अमदानीत हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीवरील जिल्हा होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट व राजुरा हा मराठी मुलूख तत्कालीन मुंबई राज्याकडे गेला, आणि तेलंगण राज्य स्थापन झाल्यानंतर ११ ऑक्टोबर २०१६ रोजी उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे करण्यात आले. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील बेला व जैनथ या भागांत आजही मराठी घरोघर बोलली जाते. साग, पळस व मोह यांची शुष्क पानझडी अरण्ये आणि कापसाची काळी शेते हे या प्रदेशाचे मुख्य स्वरूप होय. तेलुगूत ऊसरवेल्ली म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी झुडपी रान, बागा व शेतांची कुंपणे यांतील काटक्यांवर आयुष्य कंठतो, आणि अंडी घालण्यासाठी किंवा एका झुडपावरून दुसऱ्याकडे जाण्यासाठीच काय तो भूमीवर उतरतो.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतीय घोयरा सरडा संरक्षित असून त्याला पकडणे, बाळगणे व विकणे हा अपराध आहे, म्हणून या जातीच्या पिंजऱ्याचा प्रश्न खाजगी घरात उद्भवतच नाही. येमेन व सौदी अरेबियातील शिरस्त्राणधारी शॅमेलिऑन किंवा मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन या विदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट असल्याने, या अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार व २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करणे धारकावर बंधनकारक आहे. जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांची खबरही दप्तरी द्यावी लागते. पुढील विवेचन अशा रीतसर नोंदलेल्या विदेशी प्राण्यांपुरतेच समजावे.

ताण व त्याची लक्षणे : हा प्राणी भोवतालच्या वस्तूंशी एकरूप होण्यासाठी रंग पालटतो, ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी रंगबदल हा मुख्यतः उष्णता, प्रकाश, भय व स्वजातीयांशी चालणारा संकेतव्यवहार यांवर अवलंबून असतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिऑनवर प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, त्वचेतील काही पेशींत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यामधील अंतर बदलताच परावर्तित होणारा रंगही बदलतो. पाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, हिरवी पार्श्वभूमी लावल्याने प्राणी हिरवा होत नाही, उलट सुरेख सजविलेल्या पिंजऱ्यातही तो काजळल्यासारखा राहिला तर मांडणीत काही दोष आहे असे मानावे. सकाळी ऊब घेताना येणारा गडद रंग यास अपवाद होय. दिवसा डोळे मिटणे, अंग चपटे करून डोलणे, तोंड वासून फुत्कारणे, अन्न नाकारणे आणि काचेवर एकसारखे पाय घासत फिरणे ही इतर लक्षणे होत.

हा प्राणी एकटा राहणारा असल्यामुळे दुसऱ्या शॅमेलिऑनचे दर्शन, मग ते आरशातील वा काचेतील स्वतःच्या प्रतिबिंबाचे का असेना, त्याला आव्हानासारखे भासते. मांजर, कुत्रा, दारातील वर्दळ आणि वरून खाली येणारा हात यांनीही तो भयभीत होतो. यास्तव पिंजरा भिंतीलगत, उंच तिवईवर, वरची फांदी माणसाच्या दृष्टिरेषेपेक्षा उंच राहील असा ठेवावा. प्रौढ प्राण्यास सुमारे ६० सेंमी. लांब, तितकाच रुंद व १२० सेंमी. उंच असा जाळीदार पिंजरा ही किमान मर्यादा समजली जाते.

फांद्या : सजावटीचे खरे अंग फांद्या हेच होय. पुढच्या पायाची तीन बोटे आतल्या बाजूस व दोन बाहेरच्या बाजूस जुळलेली असून मागच्या पायाची रचना नेमकी याच्या उलट असते; या चिमट्यासारख्या पकडीत काटकीभोवती बोटांची टोके जवळजवळ भिडली, तरच प्राणी निःशंकपणे भार टाकतो, आणि गुळगुळीत, जाड दांड्यावर मात्र तो नखे रुतवीत चाचपडतो. म्हणून पेन्सिलीएवढ्या काटकीपासून अंगठ्याएवढ्या फांदीपर्यंत निरनिराळ्या जाडीच्या, आडव्या व तिरप्या फांद्या एकमेकींना जोडून पक्क्या बांधाव्यात. पेरू व जास्वंद यांच्या फांद्या सोयीच्या ठरतात. बाभूळ व बोर यांचे काटे तळव्यांना इजा करतात. आदिलाबादेत घरोघर पडलेली पऱ्हाटी फुकट मिळते खरी, परंतु कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी होत असल्याने ती व त्या शेतातले किडे दोन्ही वर्ज्य होत.

पर्णाच्छादन : पिंजऱ्याची एक बाजू दाट पानांनी झाकलेली आणि दुसरी ऊब घेण्यासाठी मोकळी, अशी वाटणी केली म्हणजे दिसावे की लपावे हा निर्णय प्राण्याच्या हाती राहतो. शिरस्त्राणधारी शॅमेलिऑन पानेही खात असल्यामुळे कण्हेर, रुई, शेर, धोतरा व डिफेनबेकिया ही विषारी झाडे आणि प्लॅस्टिकची पाने वर्ज्य करावीत. जास्वंद निर्धोक असल्याविषयी एकमत आहे; मनीप्लांट सर्रास वापरला जात असला तरी त्यातील ऑक्झलेटमुळे काही पालक तो टाळतात.

पाणी : साठलेले पाणी शॅमेलिऑन बहुधा ओळखत नाही. जास्वंदीच्या पानाच्या टोकाशी थेंब लोंबू लागला आणि त्यावर प्रकाश चमकला की तो प्रथम एक डोळा तिकडे वळवितो, मग मान पुढे काढून जिभेच्या टोकाने थेंब टिपतो व कितीतरी वेळ सावकाश जबडा हलवीत राहतो. म्हणून पानांवर तुषार पडतील किंवा थेंब ठिबकेल अशी योजना हवी. शोभेच्या धबधब्यांत जंतू वाढत असल्याने ते लावू नयेत. पाने दोन फवारण्यांच्या मधल्या वेळात कोरडी होणे आवश्यक आहे.

प्रकाश व ऊब : अस्थींच्या वाढीस लागणारे ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी जंबुपार किरणांची नळी लागते, कारण खिडकीच्या काचेतून ते किरण पुरेसे पार होत नाहीत. ऊब घेण्याच्या जागी सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान पुरते. आदिलाबादच्या वैशाखात, पारा ४४-४५ अंशांकडे झुकत असता, उष्णतेचा दिवा बंद ठेवून नळी तेवढी चालू ठेवावी, आणि कूलरचा झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नये. रात्री पूर्ण अंधार हवा. रंगीत दिव्यांची आरास निद्राभंग करते.

तळ : उघडा ठेवावा. मादी नराविनाही अंडी घालीत असल्याने तिला ओलसर माती-वाळूची खोल कुंडी अवश्य द्यावी.

फेरबदल : प्राणी बहुधा नेहमीच्याच फांदीवर झोपतो, म्हणून सगळी मांडणी एकदम न बदलता एकेक वस्तू हलवावी व ती फांदी जागीच राहू द्यावी.



मूल्यमापन : सजावट पाहणाऱ्याच्या नेत्रसुखासाठी केली म्हणजे ती आरसे, दिवे व मोकळी काच यांकडे झुकते, आणि प्राण्यासाठी केली म्हणजे पाने, काटक्या व थेंब यांकडे, या दोहोंपैकी दुसरीच ग्राह्य होय. या प्रदेशातील देशी घोयऱ्याला तर हे सारे शेताच्या जिवंत कुंपणात आयतेच लाभते. यास्तव ज्या शेतकऱ्यास तो आवडतो त्याने बांधावरील झुडपे तोडू अगर जाळू नयेत, आणि रस्ता ओलांडताना तो आढळल्यास काटकीवर चढवून, ज्या दिशेला तो चालला होता त्याच बाजूच्या झुडपावर सोडावा. जखमी असल्यास वनखात्यास कळवावे.