हललेली माणसं

दिवसा लालबागच्या स्टुडिओत पासपोर्ट आणि लग्नाचे फोटो काढायचे आणि रात्री शटर ओढलं की याशिका मॅट गळ्यात अडकवून नाक्यावर यायचं, असा माझा १९८०-८१ चा क्रम. तो कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचा. समोरच्याला वाटायचं, हा नुसता मान खाली घालून उभा आहे.

कापड गिरण्यांची दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची, तिसरी आत शिरायची. भुर्जीपावची गाडी, चहाची टपरी, पानवाला, सगळे भोंग्यावर घड्याळ लावणारे. हनुमान थिएटरातला तमाशा पाहून आलेले त्याच गर्दीत मिसळायचे. बैठकीच्या खोलीत एका गावचे वीस-पंचवीस जण. एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. बायकामुलं साताऱ्याला नाहीतर रत्नागिरीला. जेवण खानावळवाल्या बाईंकडे. अशा बायकांनाच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं.

फिल्म ओर्वोची एनपी-२७, ४०० एएसए. रोलवर फोटो फक्त १२. रस्त्याच्या दिव्यात शटर अर्धा सेकंद तरी उघडं ठेवावं लागे, म्हणून कॅमेरा टपरीच्या फळीवर टेकवायचो. धुतल्यावर दिवा स्पष्ट, पानवाला स्पष्ट, फळीखालचं कुत्रंही स्पष्ट. पाळी सुटलेली माणसं मात्र धुरासारखी. साचेखात्यातल्या एका मामांना प्रिंट दाखवली.

"यात मी कुठाय?"

"मामा, जरा थांबायचं ना."

"थांबतो कशाला? खोलीवर जागा जाईल."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार. मागण्या पगाराच्या, बोनसच्या, बदलीवाल्यांना कायम करण्याच्या. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो आपला विरत गेला.

पहिल्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा फळीवर कॅमेरा टेकवला. नाका तोच, दिवा तोच, अर्धा सेकंदही तोच. या खेपेला कट्ट्यावरचा प्रत्येक चेहरा ओळखू येत होता. मामा तर मिशीच्या केसासकट आले होते.

प्रिंट त्यांनी बराच वेळ हातात धरली.

"चांगला आलाय," म्हणाले. "पण हा गावी नको पाठवायला. रात्री बाराला मी नुसता बसलेला दिसतोय."