वृक्कद्रवार्बुद, साधे : उपचारांचा इतिहास

वृक्कात (मूत्रपिंडात) निर्माण होणाऱ्या, पातळ भित्तीच्या व पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाने भरलेल्या पिशवीस साधे वृक्कद्रवार्बुद म्हणतात. ते बालवयात क्वचित आढळते. वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते व पन्नाशीनंतर ते पुष्कळांत दिसते. दोन्ही वृक्कांत असंख्य द्रवार्बुदे होऊन वृक्ककार्य मंदावणारा आनुवंशिक विकार याहून भिन्न आहे. साध्या द्रवार्बुदाचा बहुधा त्रास होत नाही. ते मोठे झाल्यास मात्र कुशीत वेदना, मूत्रवहनात अडथळा, रक्तस्राव किंवा संसर्ग संभवतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खरी अडचण उपचारापेक्षा निदानाची होती. १९२९ मध्ये मोझेस स्विक व आलेक्झांडर फोन लिख्टेनबेर्ख यांनी नीलेतून द्यावयाच्या आयोडीनयुक्त द्रव्याच्या साहाय्याने मूत्रमार्गाचे क्ष-किरण चित्रण प्रचारात आणले. त्यामुळे वृक्कातील गाठ लक्षात येऊ लागली. परंतु ती द्रवाची की कर्करोगाची, हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नसे. परिणामी केवळ शंकानिरसनासाठी कूस उघडावी लागे व निरुपद्रवी पिशवीसाठी रुग्णास मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका पत्करावा लागे.

स्वीडनमधील क्नुट लिंडब्लोम यांनी १९४६ मध्ये त्वचेतून सुई घालून वृक्कातील द्रवार्बुदांचा व अर्बुदांचा वेध घेण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. काढलेल्या द्रवाच्या तपासणीने निदानास आधार मिळे. हीच सुई पुढे उपचाराचेही साधन झाली. मात्र भित्तीच्या आतील अस्तर शाबूत राहिल्यास द्रव पुन्हा साचतो, असा अनुभव आला. म्हणून अस्तराच्या कोशिका नष्ट करणारी द्रव्ये आत सोडण्याचे प्रयोग झाले. १९८१ मध्ये विल्यम बीन यांनी ९५ टक्के एथिल अल्कोहॉलाच्या वापराची फलिते प्रसिद्ध केली. या पद्धतीत प्रथम द्रव काढतात, क्ष-किरणरोधी द्रव्य सोडून पिशवीचा मूत्रमार्गाशी संबंध नसल्याची खात्री करतात, नंतर अल्कोहॉल घालून ते काही वेळाने परत काढून घेतात. अस्तरातील कोशिका अल्कोहॉलाने काही मिनिटांतच मरतात. सभोवतालच्या वृक्क-ऊतकापर्यंत मात्र ते तेवढ्या वेळात सहसा पोहोचत नाही. वृक्कद्रोणीलगतच्या द्रवार्बुदात हा उपाय सामान्यतः टाळतात. हायडॅटिड कृमीजन्य द्रवार्बुदाची शंका असल्यास अविचाराने सुई घालणे धोक्याचे असते; त्यातील द्रव पसरल्यास तीव्र अधिहृषता उद्भवू शकते.

दरम्यान श्राव्यातीत ध्वनितरंगांनी केलेले चित्रण व १९७१ पासून गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन तंत्राचा झालेला विकास यांमुळे सुई न घालताही निदान शक्य झाले. अमेरिकन क्ष-किरणतज्ञ मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ मध्ये भित्तीची जाडी, आतील पडदे, कॅल्शियमाचे थर इ. लक्षणांवरून द्रवार्बुदांचे चार वर्ग केले. पहिला वर्ग साध्या द्रवार्बुदांचा, तर चौथा बहुतांशी कर्करोगाचा होय. या वर्गीकरणात पुढे सुधारणा झाल्या.

१९९० मध्ये राल्फ क्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उदरदर्शकाच्या, म्हणजे रूढ भाषेत दुर्बिणीच्या, साहाय्याने वृक्क काढून टाकले. त्याच दशकात या तंत्राने द्रवार्बुदाचे छत कापण्याची शस्त्रक्रियाही रूढ झाली. लहान छिद्रांतून केल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेनंतर द्रव पुन्हा साचण्याचे प्रमाण केवळ सुईने द्रव काढण्यापेक्षा पुष्कळ कमी असते व कापलेल्या भित्तीची सूक्ष्मदर्शकीय तपासणीही करता येते. तथापि तीसाठी संपूर्ण भूल द्यावी लागते.

आधुनिक निदानपद्धतींनी उपचार सुकर केले, तसेच अनावश्यक उपचार टाळणेही शक्य केले. त्रास न देणाऱ्या साध्या द्रवार्बुदावर कोणताच उपचार करीत नाहीत. वेदना खरोखर द्रवार्बुदामुळेच आहे की काय, हे पाहण्यासाठी कधीकधी प्रथम केवळ द्रव काढतात. त्याने आराम पडून द्रव पुन्हा साचल्यास अल्कोहॉल किंवा उदरदर्शक शस्त्रक्रिया यांचा विचार करतात.