काळीतले घर

मराठी मुलखात बहुतेक ठिकाणी 'आखाडा' हा शब्द उच्चारला की तांबडी माती, लंगोट आणि शड्डू डोळ्यांपुढे उभे राहतात. परभणी, हिंगोली, नांदेड या टापूत मात्र 'बाप आखाड्यावर गेलाय' असे पोराने सांगितले, तर बाप कुस्ती खेळायला गेला असे कोणीही समजत नाही. तेथे आखाडा म्हणजे शेतातले घर. विहिरीच्या काठी, आंब्याच्या किंवा लिंबाच्या सावलीला, चार-सहा मेढींवर तोललेले छप्पर. अर्ध्या भागात बैल, अर्ध्या भागात माणूस. बाहेर कडब्याची गंजी, एक बाज, तीन दगडांची चूल आणि पाण्याचा रांजण. तारेतून येणारी वीज नाही, नळ नाही, गवंडी नाही आणि कागदावर काढलेला आराखडा तर नाहीच नाही. ज्याला राहायचे त्याने ते बांधायचे, दरसाल शाकारायचे, आणि वादळात पडले तर पुन्हा उभे करायचे.

आमच्या इतिहासलेखनाने वाडे पाहिले, गढ्या मोजल्या, लेण्यांचे कालनिर्णय केले. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची दगडी देवळे आणि तेथला उंच स्तंभ यांवर अभ्यासकांची नजर गेली, हे योग्यच झाले. पण ते दगड ज्यांनी वाहिले ती माणसे रात्री कशाखाली निजत होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आखाडा हा केवळ दारिद्र्याचा देखावा म्हणून बाजूला सारता येत नाही, असे आम्हांला वाटते. त्यात जमिनीचे आणि बांधणीचे एक पक्के ज्ञान आहे. आणि ते ज्ञान ज्यांच्या हाती होते, त्यांच्या मालकीचे ते घर बहुधा नसे. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या, तर आखाडा कळत नाही.

आधी जमिनीची गोष्ट पाहू. आपल्या जुन्या व्यवहारात गावाचे दोन भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ शेत, पांढरी म्हणजे घरांची जागा. हे नुसते रंगाचे वर्णन नव्हते. शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि चुनखडीचा अंश मिळून गावठाणाची जमीन पांढुरकी होते. पुराणवस्तू शोधणारे लोक अजूनही 'पांढरीचे टेकाड' दिसले की थांबतात. या पांढरीवर परभणीच्या माणसाने माळवद बांधले. जाड भिंती, लाकडी खांब-तुळया, त्यांवर काटक्यांचा थर आणि त्यावर पाणी न झिरपू देणारी खारी माती. उन्हाळ्यात अशा घरात शिरले की जिवाला बरे वाटते. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नव्या मातीचा हात फिरवायचा, हा घरोघरचा नेम.

हेच माळवद काळीत बांधून पाहा! गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतली ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आक्रसते. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की त्यांत हात जावा. आषाढात त्या मिटतात आणि जमीन वर उचलली जाते. अशा श्वास घेणाऱ्या जमिनीवर जड भिंत ठेवली, की दोन पावसाळ्यांत ती कोपऱ्यापासून फाटते. आधुनिक स्थापत्यशास्त्रालाही या मातीशी झगडावे लागले. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर बुंधा असलेले सिमेंटचे खोल खांब योजले, ते मुख्यतः याच मातीसाठी. परभणीच्या शेतकऱ्यापाशी सिमेंट नव्हते. त्याने प्रश्न उलटा सोडवला. जमीन हलणारच असेल, तर घरही हलू द्यावे. पायाच घालू नये.

आखाड्याची बांधणी पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. जागा निवडायची ती शक्यतो मुरमाड उंचवट्यावर, आणि भोवती पाण्यासाठी चर काढायचा. मेढी बाभळीच्या. बाभळीचे लाकूड पाण्यात मुरवून घेतले तर त्याला कीड कमी लागते. कोणी जमिनीत जाणारे टोक विस्तवावर भाजून काळे करतात, म्हणजे वाळवी तोंड लावीत नाही. मेढीला वर नैसर्गिक बेचके हवे; त्यासाठी झाड निवडतानाच फांदी हेरून ठेवलेली असते. दीड-दोन हात खड्ड्यात मेढी उभ्या करायच्या, बेचक्यांत आढे बसवायचे, आढ्यावरून दोन्ही अंगांना वासे सोडायचे, वाशांवर आडव्या कामट्या. बांधायला खिळा नाही. अंबाडीच्या वाखाचा नाहीतर पळसाच्या मुळांच्या सालीचा दोर. ओला असताना आवळला की वाळल्यावर तो अधिकच घट्ट बसतो.

भिंत म्हणजे कूड. तुरीच्या शेंगा झोडपून झाल्यावर उरलेल्या तुराट्या, किंवा कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, यांच्या ताट्या विणायच्या आणि मेढींमध्ये बांधायच्या. आतून-बाहेरून माती, शेण आणि भुसा यांचा लेप. या कुडावर छपराचा भार मुळीच नसतो. भार सगळा मेढींवर. म्हणून जमीन सरकली तर कूड वाकतो, लेपाला चीर जाते, बाईचा एक हात सारवण फिरले की ती बुजते. मेढ कलली तर पाचर मारून सरळ करता येते. वारा यावा म्हणून एखाद्या अंगाला लेप द्यायचाच नाही, हीही युक्ती आहे. छपराला गवत, अलीकडे उसाचे पाचट. उतार मोठा ठेवायचा, म्हणजे पाणी थांबत नाही.

हे सगळे काम चैत्र-वैशाखातले. रब्बीचे पीक घरी आलेले असते, तुराट्या-पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात, मनुष्यबळ मोकळे असते आणि मृग अजून दूर असतो. शेजारचे चार गडी इर्जिकीला आले तर दोन-तीन दिवसांत घर उभे राहते. आलेल्यांना मजुरी नसते, जेवण असते, आणि त्यांच्या कामाला आपण जायचे असते.

ही रीत किती जुनी? लाकूड कुजते, गवत जळते, कूड मातीत मिसळतो. असले घर मागे काही ठेवीत नाही, असे वाटते. पण ते एक खूण ठेवते: मेढीचा खड्डा. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा शंभराहून अधिक घरांच्या जमिनी आणि त्यांच्या कडेचे खांबांचे खळगे हाती आले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. कूड होते, त्यावर मातीचा लेप होता, वर गवताचे छप्पर असावे. आधीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरे, आणि शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. हवामान कोरडे होत गेले, शेती आटली, लोक गुरे-मेंढरांकडे वळले आणि घरे आकसली, असा अर्थ म. के. ढवळीकरांनी लावला. दक्षिणेतल्या दुष्काळाची इतकी जुनी साक्ष कोणत्याही बखरीत मिळणार नाही, ती या खळग्यांनी दिली!

दुसरी साक्ष वाङ्मयातली. संत नामदेवांचे मूळ गाव नरसी असे परंपरा मानते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत नरसी परभणी जिल्ह्यातच होते. शीखांच्या गुरुग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत आणि त्यांतल्या एकात छपराचा विषय आहे. शेजारीण विचारते, नामा, तुझे छप्पर कोणी रे शाकारले? त्या सुताराचा पत्ता दे, मी दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात की तो सुतार प्रेमाखेरीज दुसरी मजुरी घेत नाही. उत्तरेकडच्या भक्तचरित्रांनी यामागे घराला आग लागल्याची कथा जोडली आहे. पदाचा परमार्थ भाविकांनी सांगावा. आमचे लक्ष शेजारणीकडे जाते. चांगला शाकारणारा मिळणे किती दुर्मीळ असेल, आणि छप्पर गळणे ही किती नित्याची पीडा असेल, की बाईने भाव दुप्पट करावा!

आता दुसरी गोष्ट, मालकीची. स्वतःच्या हाताने झोपडी बांधून साधे राहणे, ही कल्पना जगात मोठ्या आदराने घेतली जाते. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो याने वॉल्डन तळ्याकाठी दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी खोली बांधली, ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहायला गेला, आणि खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट आला याचा चोख हिशेब त्याने छापून ठेवला. आमच्याकडे महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, गेले; झोपडीला शंभर रुपयांवर खर्च होऊ नये आणि सामग्री आसपासचीच असावी, अशी त्यांची अट होती. दोन्ही प्रयोग थोर आहेत. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही.

पण थोरोची जागा त्याची नव्हती, ती त्याचा स्नेही इमर्सन याची होती. आणि सप्टेंबर १८४७ मध्ये मन झाले तसा तो तेथून उठून निघून गेला. आखाड्यात राहणाऱ्या सालगड्याचीही जागा त्याची नव्हती. त्याला मात्र मन झाले म्हणून उठता येत नसे. पाडव्याला साल ठरे, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. काही रोकड, काही धान्य, एक घोंगडी, एक पायताण असा करार. आणि लग्नासाठी, आजारपणासाठी घेतलेली उचल फिटली नाही तर त्याच मालकाकडे दुसरे साल. हैदराबाद संस्थानात, विशेषतः तेलंगणात, कर्जापायी राबण्याची 'भगेला' नावाची पद्धत होती. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यात तिचा नावानिशी उल्लेख आहे. प्रत्येक सालगडी वेठबिगार होता असे आम्ही म्हणत नाही. प्रेमाने वागणारे मालक होते, आणि मालकाच्या मुलांना अंगाखांद्यावर वाढवणारे गडीही होते. तरी ज्या मेढी त्याने रोवल्या, ज्या ताट्या त्याच्या बायकोने विणल्या आणि सारवल्या, त्या साल मोडले की मालकाच्या शेतात राहत, आणि कुटुंब बाजेसकट दुसऱ्याच्या बांधावर जाई. त्या बायकोचे सारवण, झाडलोट, बैलांचे पाणी ही कामे करारात धरलेली नसत. पांढरीत ज्यांची घरे वेशीबाहेर, अशा जातींतले बरेच लोक काळीत मालकाच्या बैलांशेजारी एकटे राहिले. शाळा दूर, दवाखाना दूर, आणि रात्री जनावरांची, पिकाची जागल.

एकदा मात्र पांढरी आणि काळी यांचा हिशेब फिरला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदांच्या भाराखाली. वर्षानुवर्षे दर उन्हाळ्यात चढवलेला मातीचा थर, जो पावसापासून राखीत होता, तोच छातीवर आला. त्यानंतर शेजारच्या जिल्ह्यांतही माळवदाखाली निजायला माणसे भिऊ लागली. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोलीच्या परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले. तुराट्यांचा कूड अंगावर पडला तर खरचटते, जीव जात नाही.

म्हणून आखाडा निर्धोक, असे कोणी समजू नये. त्याचा वैरी भूकंप नसून आग आहे. चैत्राचा वारा, वाळलेले पाचट, जवळच चूल, शेजारी कडब्याची गंजी. एक ठिणगी पुरते. दावणीला बांधलेले बैल होरपळल्याच्या, वर्षाचे धान्य आणि शेतीची अवजारे राख झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येतात. साप-विंचू वेगळेच, बाज उंच असते ती त्यांच्यासाठीच.

गेल्या साठ वर्षांत काळीचे रूप पालटले. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, आणि डावा कालवा पाथरी, मानवत, परभणी या भागांत पाणी घेऊन आला. ऊस आला, उसाबरोबर पाचट आले. पाणी शेतात आले तशी माणसेही शेतात राहायला आली. केवळ गडीच नव्हेत, तर मालकाचे वेगळे निघालेले भाऊही. विजेची कथा अधिक चमत्कारिक आहे. जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावर साडेबावीस मेगावॅटचे वीजघर उभे राहिले, तरी आखाड्यावर दिवा यायला पुष्कळ काळ जावा लागला. आणि शेतीपंपाची वीज आली ती बहुधा रात्री. परिणामी ज्याला आखाड्यावर राहायचे नव्हते, तोही मोटार चालू करण्यासाठी तेथे निजू लागला. आता सौर पंपांच्या योजनांमुळे पुष्कळ विहिरींवर काळ्या काचेच्या फळ्या दिसतात, आणि त्यांच्याखाली शेळ्या सावलीला बसतात.

छपरावर पत्रे आले आहेत. पत्रा गळत नाही, चटकन जळत नाही, दरसाल शाकारावा लागत नाही. सालाचा करार करताना गडीच आता पत्र्याची खोली आणि दिवा मागतो, आणि त्याने का मागू नये? पण परभणीचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. दुपारी पत्र्याखाली भाकरीचे पीठही कोमट लागते. तेव्हा गडी शिडी लावून वर चढतो, पत्र्यावर तुराट्या आणि पाचट अंथरतो, त्यांवर ओळीने दगड ठेवतो, आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात त्यांतले किती उडते याकडे लक्ष ठेवून राहतो.